अमोनिया उतरेना: ठाण्यातल्या आमच्या रीफ टँकच्या सायकलचं प्रकरण

रीफ टँक म्हणजे समुद्री मासे आणि प्रवाळ ठेवायचा खाऱ्या पाण्याचा टँक, आणि सायकल म्हणजे मासे सोडण्याआधी त्यात अमोनिया पचवणारे जिवाणू वाढवणं. आधी टँकची माहिती देते म्हणजे पुढचे आकडे नीट कळतील. काच ३६ बाय १८ बाय १८ इंच, खाली कॅबिनेटमधे छोटा संप (वरच्या टँकचं पाणी जिथे उतरतं आणि पंपाने परत वर जातं ती टाकी), १५ किलो अॅरागोनाइट वाळू आणि १४ किलो कोरडा कृत्रिम रॉक. काचेच्या मापाने हिशोब केला तर नुसत्या वरच्या टँकमधेच १९० लिटर बसतात, पण वाळू आणि रॉक जागा घेतात, वरून दोन इंच मोकळं असतं, संप अर्धाच भरतो. म्हणून मी पाणी मोजूनच भरलं, वीस लिटरच्या जारने, नऊ जार, म्हणजे १८० लिटर. हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला आणि पुढे सगळं प्रकरण सुटलं ते त्यामुळेच.

घरात मासे नवीन नाहीत. माझे सासरे, बाबा, यांनी वीस वर्षं गोड्या पाण्याचे मासे पाळलेत, गप्पी, गोल्डफिश, एक ऑस्कर तर आठ वर्षं जगला. खाऱ्या पाण्याची हौस माझी. मी दिवसभर ऑफिसला, त्यामुळे दिवसाचा सगळा कारभार बाबांकडे हे पहिल्यापासून ठरलेलं होतं.

रॉक कोरडा का घेतला हे सांगायला हवं कारण खूप जण विचारतात. माझी मावशी मालवणला असते, ती म्हणाली अगं किनाऱ्यावर वाहून आलेले प्रवाळाचे तुकडे पडलेले असतात, पिशवी भरून पाठवते. मी तिला नाही सांगितलं. आपल्याकडे दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्यात पहिल्या सूचीत आहेत, २००१ पासून, म्हणजे वाघाला जे संरक्षण तेच प्रवाळाला, आणि मेलेला तुकडा असला तरी तो त्याच प्राण्याचा भाग. मालवणला तर १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. ज्या गोष्टीवर प्रेम आहे म्हणून टँक लावतोय तीच समुद्रातून उचलून आणायची हे मला पटतच नाही. समुद्राचं पाणी का नाही आणत हा दुसरा नेहमीचा प्रश्न. मुंबई-ठाण्याजवळचं किनाऱ्याचं पाणी मी माझ्या टँकमधे घालणार नाही, सांडपाणी मिसळलेलं असतं आणि पावसाळ्यात खारटपणा पण उतरतो.

पाण्यात एक अडचण आली ती आपल्याकडच्या घरोघरी येईल म्हणून लिहिते. घरच्या आरओचं पाणी मी टीडीएस मीटरने (पाण्यात विरघळलेले क्षार मोजतो तो) मोजलं तर २२ आलं. मला वाटलं मेम्ब्रेन गेलं, पण तसं नव्हतं. आपल्या पिण्याच्या आरओमधे शेवटी मिनरलची कार्ट्रिज असते किंवा थोडं कच्चं पाणी मिसळायचा स्क्रू असतो, चवीसाठी. ते पिण्याला ठीक, टँकला नाही, कारण त्यातून सिलिकेट फॉस्फेट काय काय येतं ते मीटर सांगत नाही. मेम्ब्रेननंतर लाइन वेगळी काढून डीआय रेझिनचा, म्हणजे उरलेसुरले क्षार शोषून घेणाऱ्या दाण्यांचा, डबा बसवला तेव्हा मीटरवर शून्य आलं. मीठ साधारण पावणेसात किलो लागलं, खारटपणा ३५ (हजार भागांत). रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे खारटपणा मोजायचं उपकरण, मी आधी साध्या पाण्यावर शून्य करून घेतला होता, मग ३५ च्या कॅलिब्रेशन द्रावणावर बघितला तर दोनने चुकत होता, त्यामुळे तो नेहमी त्या द्रावणावरच सेट करावा. तापमान २७, अल्कलिनिटी (पाण्याची पीएच घसरू न द्यायची ताकद) ८.४ डीकेएच, हे तिचं माप, लाइट बंद, स्किमर (फेस करून घाण काढणारं यंत्र) बंद, फक्त संपमधलं पाणी वर पाठवणारा रिटर्न पंप आणि एक वेव्हमेकर, म्हणजे पाणी हलतं ठेवणारा पंप, चालू.

पहिला दिवस

सायकल म्हणजे काय ते थोडक्यात. माशाच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया होतो, तो माशाला विष. एक प्रकारचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसऱ्या प्रकारचे नायट्राइटचं नायट्रेट. नव्या टँकमधे हे दोन्ही नसतात, त्यांना वाढवायला अन्न म्हणून अमोनिया द्यायचा आणि थांबायचं. जुनी पद्धत म्हणजे एखादा चिवट मासा सोडायचा, तो जगला तर टँक तयार. ती मला क्रूर वाटते. सोललेली कोलंबी टाकून सडवायची पण पद्धत आहे पण त्यात किती अमोनिया आला ते कधीच कळत नाही. मी अमोनियम क्लोराइड घेतलं, केमिकलच्या दुकानातून लॅब ग्रेडची १०० ग्रॅमची बाटली.

बाबांनी बाटली बघितली आणि म्हणाले, "अगं हा तर नवसागर." बरोबरच आहे, कल्हईवाला तापलेल्या भांड्यावर टाकायचा आणि भसकन पांढरा धूर यायचा तोच हा. फक्त बाजारातला नवसागर टँकला घेऊ नका, त्यात काय मिसळलंय सांगता येत नाही.

हिशोब असा. मला पाण्यात २ पीपीएम (लिटरला २ मिलिग्रॅम) अमोनिया हवा होता, नायट्रोजनच्या मापाने, म्हणजे त्यातल्या फक्त नायट्रोजनचं वजन धरून. १८० लिटरला ३६० मिलिग्रॅम नायट्रोजन, आणि अमोनियम क्लोराइडमधे नायट्रोजन साधारण २६ टक्के, म्हणून १.४ ग्रॅम पावडर. सोनं मोजायचा छोटा डिजिटल काटा घरी होता, त्यावर मोजून पाण्यात विरघळवून संपमधे ओतली. मग बाटलीतले जिवाणू टाकले. रात्री टेस्ट किटने मोजलं (ट्यूबमधल्या पाण्यात थेंब टाकून येणारा रंग तक्त्याशी जुळवायचा), २ च्या जरा वर. सगळं जसं हवं तसं.

दुसऱ्या दिवशी मला चार दिवसांसाठी नागपूरला जायचं होतं. निघताना घाईत फ्रिजवर चिठ्ठी लावली: "अमोनिया १.४ ग्रॅम, टेस्ट रोज." माझ्या डोक्यात अर्थ असा होता की अमोनिया १.४ ग्रॅम टाकलाय, आता टेस्ट रोज करायची. चिठ्ठीवर तो अर्थ नव्हता.

सहा ते सतरा

सहाव्या दिवशी मी परत आले, टेस्ट केली तर ट्यूब गडद हिरवी, किटचा सगळ्यात वरचा रंग, ८ किंवा त्याहून जास्त. मला पहिला संशय किटचा आला. नवव्या दिवशी दुसऱ्या कंपनीचं किट आणलं, तेही वरच्या रंगाला. मग संशय रॉकचा, कारण रॉकमधे काही सेंद्रिय अडकलेलं असेल तर ते सडून अमोनिया येतो, पण हा कृत्रिम रॉक होता आणि लावायच्या आधी मी तो आठवडाभर पाण्यात ठेवला होता. मग वाटलं बाटलीतले जिवाणूच मेलेले आले, दुकानात उन्हात पडून राहिली असेल बाटली. बाराव्या दिवशी दुसरी बाटली टाकली. ज्यांना विचारलं त्यांनी प्रत्येकाने वेगळं सांगितलं, अजून जिवाणू टाक, तापमान वाढव, काही करू नकोस, सगळं पाणी फेकून पुन्हा सुरू कर. आणि मी रोज रात्री ट्यूब हलवून त्या हिरव्या रंगाकडे बघत बसायचे, कालच्यापेक्षा फिका आहे का गडद ते ठरवत. ४ चा हिरवा आणि ८ चा हिरवा यात डोळ्याला फरकच कळत नाही, त्यात ट्यूबलाइटखाली तर नाहीच.

सतराव्या दिवशी एक साधा विचार आला जो सहाव्या दिवशी यायला हवा होता. नायट्रोजन पाण्यात आपोआप तयार होत नाही. मी २ टाकले, किट ८ च्या वर दाखवतंय, दोन्ही किट चुकीचे असायची शक्यता कमी, म्हणजे उरलेला कुठून तरी आला. आणि घरात नायट्रोजनचा एकच डबा आहे. बाटलीतली पावडर कागदावर ओतून काट्यावर ठेवली. ९३ ग्रॅम. सात ग्रॅम गेलेत. सात भागिले १.४ म्हणजे पाच.

बाबांना विचारलं तर ते लगेच वही घेऊन आले. "तू लिहिलं होतंस ना रोज म्हणून. मी रोज सकाळी सात वाजता, तू सांगितलंस तसं काट्यावर मोजून. तू आल्यावर बंद केलं, म्हटलं आता तूच बघशील." चार दिवस, चार नोंदी, वेळेसकट, त्यांच्या सुंदर तिरक्या अक्षरात. चिठ्ठी मी लिहिली होती, त्यांनी अगदी प्रामाणिकपणे पाळली होती, आणि ती वही माझ्या टँकच्याच शेजारी पडलेली होती जी मी अकरा दिवस उघडून बघितली नाही. त्यांचा चेहरा इतका उतरला की मला आधी तेच सावरावं लागलं. म्हटलं बाबा, यात एक मासा सुद्धा नाहीये, कोणाला काही झालेलं नाही. हे मला आजही मासे न सोडता सायकल करायचं सगळ्यात मोठं कारण वाटतं.

आता पाण्यात नक्की किती आहे

पाच डोस म्हणजे १० पीपीएम गेला होता. आत्ता किती उरलाय हे किट सरळ सांगू शकत नाही, म्हणून पाणी पातळ करून मोजलं. टँकचं १ मिली, नवीन कालवलेलं खारं पाणी ४ मिली, आणि त्या मिश्रणाची टेस्ट. रंग १ आणि २ च्या मधे आला, पाचने गुणलं तर सात साडेसात. म्हणजे तीनच्या आसपास खाल्ला गेला होता! जिवाणू जिवंत होते, काम करत होते, मीच किटच्या छतावर डोकं लावून बसल्याने ते मला दिसत नव्हतं. लगेच अल्कलिनिटी मोजली, ७.२. सुरुवातीला ८.४ होती. हे पण जुळलं, कारण अमोनियाचा १ पीपीएम नायट्रोजन पचवताना जिवाणू सुमारे ७ पीपीएम अल्कलिनिटी खातात, म्हणजे ०.४ डीकेएच, तीनला १.२. दोन वेगळ्या टेस्ट, दोन वेगळी रसायनं, आणि उत्तर एकच. त्या क्षणाला मला इतकं हायसं वाटलं की मी बाबांना रात्री साडेअकराला उठवून आकडे दाखवले.

नायट्राइटची ट्यूब मात्र गडद जांभळी, तीही किटच्या छताला. याचं कारण मला महत्त्वाचं वाटतं. एकूण अमोनियातला थोडाच भाग मोकळ्या अमोनियाच्या रूपात असतो, समुद्राच्या पीएचला साधारण पाच-सहा टक्के, तोच विषारी. १० पीपीएमला तो झाला अर्धा मिलिग्रॅम लिटरला. सांडपाण्यावरच्या १९७६ सालच्या एका अभ्यासात दिलंय की नायट्राइट खाणारे जिवाणू मोकळ्या अमोनियाच्या ०.१ ते १ मिलिग्रॅमलाच मंदावायला लागतात, अमोनिया खाणारे मात्र १० ते १५० पर्यंत तग धरतात. आमचा टँक नेमका त्या फटीत अडकला होता, पहिल्या टोळीचं बरं चाललेलं आणि दुसरी दबलेली. नुसतं थांबून राहिलो असतो तरी कधी ना कधी झालंच असतं, पण उरलेला सात पचताना अल्कलिनिटी अजून २.८ ने उतरली असती, साडेचारच्या खाली, पीएच घसरला असता आणि दोन्ही टोळ्या मंदावल्या असत्या. सोडा टाकून ती वाढवता येते पण मला मुळात अमोनियाच कमी करायचा होता.

म्हणून अर्धं पाणी बदलायचं ठरवलं. बाबांचा याला विरोध होता, इतक्या दिवसांचे वाढलेले जिवाणू पाण्याबरोबर जातील म्हणून. हा समज खूप पसरलेला आहे. माठाच्या आतून बोट फिरवलं की जो बुळबुळीत थर लागतो ना, जिवाणू तसे रॉकवर, वाळूवर, काचेवर थर करून चिकटलेले असतात, पाण्यात तरंगणारे अगदी थोडे. पाणी बदलून घर जात नाही. अठराव्या दिवशी साडेचार जार काढले, साडेचार जार नवे घातले, तेवढं आरओ पाणी साठवायला आदल्या रात्रीपासूनच सुरुवात केली होती आणि दुपारी चारला पुरं झालं, वाया जाणारं पाणी लादी पुसायला आणि झाडांना. संध्याकाळी अमोनिया साडेतीन, अल्कलिनिटी ७.८.

जांभळी ट्यूब

पुढे अमोनिया भराभर उतरला. चोविसाव्या दिवशी अर्धा, सव्विसाव्या दिवशी शून्य, पिवळाधमक रंग. नायट्राइट मात्र तसाच जांभळा. इथे माझी दुसरी चूक होता होता राहिली. मी नायट्रेटची टेस्ट केली आणि ती शंभराच्या वर आली, मला वाटलं आता हे काय नवीन. पण घरगुती नायट्रेट किट आधी नायट्रेटचं नायट्राइट करतं आणि मग त्या नायट्राइटचा रंग दाखवतं, त्यामुळे पाण्यात आधीच नायट्राइट असेल तर आकडा फुगतोच. नायट्राइट शून्य होईपर्यंत नायट्रेट मोजण्यात अर्थ नाही, ती टेस्ट मी बंदच केली.

नायट्राइट पण पातळ करून मोजला. एकास नऊ. रंग १ आणि २ च्या मधे, म्हणजे पंधराच्या आसपास. हिशोब बघा, पाणी बदलल्यावर टँकमधे एकूण नायट्रोजन राहिला ५ पीपीएम, तो सगळा नायट्राइट झाला तर नायट्राइटच्या मापाने १६ च्या जवळ. पुन्हा जुळलं. म्हणजे सव्विसाव्या दिवशी जवळजवळ सगळा माल दुसऱ्या टोळीच्या दारात ढीग घालून पडलेला होता.

खरं तर इथे मासा सोडता आला असता. खाऱ्या पाण्यात क्लोराइड इतकं असतं की ते नायट्राइटला माशाच्या कल्ल्यातून आत शिरू देत नाही, गोड्या पाण्यात जो आकडा मारतो तो इथे माशाला जाणवत पण नाही. बाबांना हे पटायला वेळ लागला, गोड्या पाण्यात नायट्राइटने त्यांचे गोल्डफिश गेलेले आहेत. आणि कोणी सव्विसाव्या दिवशी मासा सोडला तर मी त्याला चूक म्हणणार नाही, धोका अमोनियाचा असतो आणि तो संपला होता. पण मी थांबले. एवढ्या गोंधळानंतर मला हिशोब शेवटपर्यंत मिटलेला बघायचा होता.

आठवडाभर काही हललं नाही असं वाटलं. रोज तोच जांभळा. मग पस्तिसाव्या दिवशी पातळ केलेल्या ट्यूबमधे अर्धा आला, म्हणजे पाच, आणि त्यानंतर चारच दिवसांत, एकोणचाळिसाव्या दिवशी, पातळ न करता आकाशी निळा, शून्य. ही दुसरी टोळी सुरुवातीला फार हळू वाढते आणि मग एकदम सगळं साफ करते. त्याच दिवशी नायट्रेट मोजला, वीसच्या थोडा वर. ५ पीपीएम नायट्रोजन नायट्रेटच्या मापाने होतो २२. बाबांनी वहीत त्या ओळीखाली दोन रेघा मारल्या, जशा जमाखर्च मिळाल्यावर मारतात.

चाळिसाव्या दिवशी खात्रीसाठी पुन्हा १.४ ग्रॅम टाकला, एकदाच, दोघांनी समोर उभं राहून. चोवीस तासांनी अमोनिया शून्य, नायट्राइट नुसती झाक. पुढच्या दिवशी तीही गेली. मग पाव पाणी बदलून स्किमर चालू केला आणि रोज सहा तास लाइट.

टँक सध्या

लाइट लागल्यावर आठवड्याच्या आत वाळूवर तपकिरी थर आला, डायटम नावाच्या सूक्ष्म शैवालाचा, नवीन टँकला येतातच, तो काही घासत बसले नाही आणि तो आपोआप ओसरतोय. अठ्ठेचाळिसाव्या दिवशी दोन क्लाउनफिश सोडले, समुद्रातून पकडलेले नाहीत, टँकमधेच पैदास झालेले, आणि चार गोगलगायी. खाणं दिवसातून एकदा चिमूटभर. पहिले दहा दिवस रोज अमोनिया बघितला, एकदाही पिवळ्याच्या पुढे गेला नाही.

ठाण्याचा मे यायच्या आत चिलर लागणार आहे, नुसत्या पंख्यावर आपल्या दमट हवेत फार तर दोन अंश उतरतात. वीज गेली तर म्हणून वेव्हमेकरला बॅटरी लावली. रोज जेवढं पाणी उडतं तेवढं साधं आरओ-डीआय पाणीच घालायचं, कारण मीठ उडत नाही, हे काम बाबांचं, आणि त्यासाठी त्यांनी काचेवर मार्करने रेघ मारलीय.

प्रवाळाची घाई नाही. तीन महिने झाल्यावर ग्रीन स्टार पॉलिपचा छोटा तुकडा, सॉफ्ट कोरल म्हणजे मऊ प्रवाळ, तेही ज्याच्याकडे आधीच टँकमधे वाढलेलं आहे त्याच्याकडून. तोपर्यंत दर रविवारी अल्कलिनिटी मोजतोय. गेल्या रविवारी ८.१ होती, त्याआधी ८.२. ट्यूबमधे थेंब बाबा मोजतात, आकडा मी लिहिते, आणि लिहिलेलं त्यांना वाचून दाखवते.